लिंगाणा आणि कोकणातल्या दोराच्या वाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की लिंगाण्याबद्दलची विचारणा सुरू होते ती होळीपर्यंत थांबत नाही. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जो हवा तो प्रश्न उघडून वाचा. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध आला तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ५, ६ आणि १६ हे तीन मात्र जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावेत ही विनंती.

१. लिंगाणा नेमका कुठे आहे? तो किल्ला आहे की सुळका?

दोन्ही. रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात, रायगड आणि तोरणा यांच्या मधे, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून जरा सुटून उभा असलेला हा सुळका समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंच आहे. पूर्वेला रायलिंग पठार, दोघांच्या मधे अरुंद खिंड, पश्चिमेला खाली काळ नदीचं खोरं आणि पलीकडे रायगड. शिवकाळात इथे कैदी ठेवत. कातळात खोदलेली गुहा आणि पाण्याची टाकी आजही शाबूत आहेत. १८१८ साली रायगड इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे इथला राबताही संपला. आता खिंडीपासून माथ्यापर्यंत जायचं तर दोर लागतोच.

२. फिक्स रोप म्हणजे काय? तो तिथे कायम बांधलेला असतो का?

कायम नसतो, आणि नसावाच. आधी एक अनुभवी प्रस्तरारोहक खालच्या साथीदाराकडून बिले घेत (साथीदार दोर हळूहळू सोडतो आणि पडला तर अडवून धरतो), डायनॅमिक म्हणजे ताणणाऱ्या दोरावर कातळ चढतो. वरच्या बोल्टांना (कातळात भोक पाडून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांना) तो स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, दोर बांधतो आणि मधल्या बोल्टांना अडकवत तो दोर ताणून लावतो. मग बाकीचे स्वतःला त्या दोराशी जोडून घेत वर येतात. लिंगाण्यावर खिंडीपासून गुहेपर्यंत आणि गुहेपासून माथ्यापर्यंत असे टप्प्याटप्प्याने दोर लावले जातात. मोहीम संपली की शेवटचा माणूस ते सोडवत खाली येतो. कातळात राहतात ते फक्त बोल्ट. तुम्हाला तिथे आधीचाच दोर लोंबताना दिसला तर प्रश्न ६ पाहा.

३. मी कळसूबाई, राजगड, हरिश्चंद्रगड केले आहेत. लिंगाणा जमेल का?

पायांना जमेल. खरी परीक्षा थांबण्याची असते. पुढच्याचा टप्पा पुरा होईपर्यंत वीतभर रुंद कातळावर, टाचांमागे दरी घेऊन, अर्धा-पाऊण तास एका जागी उभं राहावं लागतं. चालून चालून कमावलेला दम तिथे कामाला येत नाही. म्हणून आमचा आग्रह असतो की आधी एखाद्या तीस-चाळीस फुटी कातळावर दोन दिवस सराव करा. चढा, उतरा, मधेच दोराला टांगून थांबा, आठची गाठ बांधा आणि सोडा. डोळे मिटून, केवळ बोटांनी चाचपून, कॅरॅबिनरचा (दोरात अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू बंद आहे की उघडा हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. ते आलं की लिंगाण्याचा विचार करायला हरकत नाही.

४. दोर आहेच, तर तो हाताने धरून चढलं तर नाही का चालणार?

नाही. कोकणातल्या दमट हवेत तळहात पाच मिनिटांत ओले होतात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू भरून येतात. एकदा ते भरून आले की मूठ आपल्या मनाविरुद्ध उघडते. शिवाय दोर तुमच्या एकट्याचा नसतो. वरच्याने ओढला की तो तुमच्या हातात झटका देतो आणि तुम्ही आडवे झोके खाता.

चढायचं ते पायांनी, हातांनी कातळ धरून. दोराचं काम पडणाऱ्याला अडवणं हे आहे आणि त्यासाठी तो कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांशी, म्हणजे हार्नेसशी, जोडलेला हवा. घसाऱ्याच्या तिरप्या वाटेवर तोल सांभाळायला दोराला हात लावला तर बिघडत नाही, पण तिथेही स्लिंग (हार्नेसला जोडलेली पट्टी) दोरात अडकवलेली असू द्या.

५. दोन स्लिंग कशाला? एक पुरत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

लावलेला दोर खालपासून वरपर्यंत सलग मोकळा नसतो. दर काही फुटांवर तो बोल्टला गाठीने बांधलेला असतो. तुमचा कॅरॅबिनर त्या गाठीपाशी येऊन अडतो. पुढे जायचं तर तो इथून काढून गाठीच्या वर लावावा लागतो. एकच स्लिंग असेल तर काढल्यापासून लावेपर्यंत तुम्ही कशालाच जोडलेले नसता, आणि बोल्ट बहुतेक वेळा नेमका अवघड जागीच असतो. म्हणून हार्नेसला दोन स्लिंग, दोन्हींच्या टोकाला स्क्रू कॅरॅबिनर. गाठीपाशी आलात की मोकळी स्लिंग गाठीच्या वर अडकवा, स्क्रू फिरवा, हलकेच ओढून बघा आणि मगच खालची काढा. वर जाताना, खाली येताना, आडव्या धारेवर, सगळीकडे हाच क्रम. ‘लावलं’ असं मोठ्याने म्हणायची सवय लावून घ्या. मागचा माणूसही ऐकतो आणि तुमचंही लक्ष राहतं.

यात आणखी एक गोष्ट आहे जी नवख्यांना कोणी सांगत नाही. कॅरॅबिनर दोरावर नुसता सरकतो. उभ्या टप्प्यावर तुम्ही सुटलात तर तो तुम्हाला जागच्या जागी धरत नाही. तुम्ही थेट खालच्या गाठीपर्यंत घसरता आणि तिथे जोरात आदळता. स्लिंग डायनॅमिक दोरासारखी ताणत नाही, त्यामुळे तो हिसका कमरेला आणि बोल्टला पुरा बसतो. उभ्या टप्प्यावर म्हणून दोराला प्रुसिकची गाठ (बारीक दोरीची, भार आला की दोर आवळून धरणारी) किंवा जुमार (दोरावर फक्त वरच्या दिशेने सरकणारी पकड) हवा. सगळ्यात चांगलं म्हणजे वरून वेगळ्या डायनॅमिक दोरावर बिले. नवख्यांना आम्ही उभ्या टप्प्यांवर बिलेशिवाय सोडत नाही, मग कितीही वेळ लागो.

६. तिथे आधीच एक दोर लटकत होता. चांगला दिसत होता. तो वापरला तर?

वापरू नका. आमच्याकडून या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

बांधणारा माहीत असेल, तो आज तिथे हजर असेल आणि त्याने आज वरून तपासला असेल, तरच तो दोर वापरण्यालायक. नायलॉनचा दोर उन्हाने कमकुवत होतो. दिसायला धड असला तरी त्याची ताकद गेलेली असू शकते. त्यावर एक पावसाळा गेला असेल तर वाऱ्याने तो चार महिने त्याच एका धारदार कडेवर घासलेला असतो. ती जागा तुम्हाला खालून दिसत नाही. दिसतो तो तुमच्या हाताशी असलेला धड भाग. माकडं, उंदीर आणि घुशी दोर कुरतडतात हेही विसरू नका.

आपलाच दोर असला तरी दर वेळी तपासायचा असतो. उघड्या हातांनी, हातमोजे न घालता, इंच इंच बोटांतून सरकवा. कुठे मऊ लागला, कुठे चपटा झाला, कुठे आतल्या गाभ्यात खळगा जाणवला की थांबा. तिथे दोर दुमडून बघा. निरोगी दोराचा गोल वळसा पडतो. गाभा तुटलेला असेल तर तिथे तो कागदाच्या घडीसारखा मोडतो. वरच्या विणीला लव सुटली असेल तर ती किती खोल आहे पाहा. पांढरा गाभा दिसला की तो दोर त्या क्षणी बाद.

७. बोल्ट तरी पक्के असतात ना?

काही असतात. इथला कातळ बेसॉल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. हे थर एकसारखे नाहीत. काळा, घट्ट थर बोल्ट उत्तम धरतो. त्याच्या वरखाली बुडबुड्यांची भोकं असलेला ठिसूळ थर किंवा लाल मुरमाड पट्टा असतो, त्यात मारलेला बोल्ट दिसायला नवा असला तरी भरवशाचा नसतो. हातोडीने आजूबाजूला ठोकून ऐका. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. पोकळ, बसका आवाज आला तर तो खडक आतून सुटलेला आहे.

दुसरा शत्रू गंज. समुद्रावरून येणारी खारी हवा आणि वर्षातले चार महिने पाऊस, यामुळे साधा लोखंडी बोल्ट भोकाच्या आत गंजतो, जिथे डोळा पोचत नाही. बोल्टखाली कातळावर तांबूस ओघळ उतरलेला असेल, पट्टी बोटाने फिरत असेल किंवा नट हलत असेल तर त्यावर भार देऊ नका. म्हणून अँकर, म्हणजे दोराचा मुख्य आधार, कधीही एका बोल्टवर करायचा नाही. किमान दोन बोल्ट, आणि भार दोघांत वाटला जाईल अशी बांधणी.

८. प्रत्येकाकडे कोणतं साहित्य हवं?

हेल्मेट, सीट हार्नेस, दोन स्लिंग, चार स्क्रू कॅरॅबिनर, एक डिसेंडर (दोरावरून सावकाश उतरायचं साधन), प्रुसिकसाठी ६ किंवा ७ मिलिमीटरची दोरी, चामड्याचे हातमोजे, हेडलॅम्प आणि शिट्टी. हेल्मेटबद्दल वाद घालू नका. दगड सुटतो तो बहुतेकदा पुढच्या माणसाच्या बुटाखालून किंवा दोराच्या घासण्याने, आणि तो कोणाला विचारून येत नाही.

कॅरॅबिनरवर आकडे कोरलेले असतात. साधारण २२ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने २,२०० किलोंचा भार. पण हा आकडा दार बंद असतानाचा आहे. दार उघडं राहिलं तर ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. स्क्रू फिरवण्याचा एवढा आग्रह त्यासाठीच. किल्ल्या अडकवायचे स्वस्त कॅरॅबिनर हुबेहूब तसेच दिसतात. त्यावर भार नोंदवलेला नसतो. ते हार्नेसच्या जवळपासही नकोत.

९. दादा, बाजारात नायलॉनचा दोर स्वस्त मिळतो, मच्छीमार तोच वापरतात. तो का नको?

बंदरावरचा दोर होडी बांधायला उत्तम, माणूस पडताना धरायला नाही. गिर्यारोहणाच्या दोराला आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण असतं. बाहेरचं घासलं तरी आतला भार घेतो. स्टॅटिक दोर फारसा ताणत नाही म्हणून तो लावून ठेवायला आणि उतरायला बरा. डायनॅमिक ताणतो आणि पडणाऱ्याचा हिसका पोटात घेतो, म्हणून पहिला चढणारा तोच वापरतो. या दोन कामांची अदलाबदल करू नका. दोराचं आयुष्य कंपनी लिहून देते. एकदाही न वापरता कपाटात ठेवलेला दोरही १० वर्षांनी बाद धरतात. मोठा झटका खाल्लेला, बॅटरीचं अ‍ॅसिड किंवा पेट्रोल लागलेला दोर त्याच दिवशी बाद.

१०. कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी. नोव्हेंबरमध्ये गवत उंच असतं, वाट झाकलेली असते आणि परतीच्या पावसाचा एखादा गडगडाट शिल्लक असतो. धारेवर असताना वीज चमकू लागली तर लपायला जागा नसते. मार्चपासून कातळ तापतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी तो हाताला चटके देतो आणि टाक्यांतलं पाणी आटतं.

पावसाळ्यात अजिबात नाही. ओल्या बेसॉल्टवर शेवाळ धरतं, दरडी सुटतात, नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, पाण्याचे लोंढे येतात.

११. महाडकडून जावं की घाटावरून?

घाटावरून बहुतेक गट मोहरी किंवा सिंगापूर गावातून रायलिंग पठारावर येतात आणि बोराट्याच्या नाळेने खिंडीकडे उतरतात. चाल कमी आहे. पण ती नाळ दगडगोट्यांनी भरलेली आहे, अंधारात आणि घाईत तिथे घोटे मुरगळतात. परतीला, थकलेल्या पायांनी, तीच चढायची असते.

कोकणातून पाणे गावातून चढ सुरू होतो. उंची जवळजवळ सगळी तुमची तुम्हाला कमवावी लागते, दम निघतो, पण उतरताना गाव समोर दिसत राहतं आणि अडचण आली तर माणसं लवकर भेटतात. आमचा कल पाणे गावाच्या वाटेकडे आहे. नवख्यांचा गट असेल तर आदल्या रात्री गावात झोपून पहाटे निघावं.

१२. गुहेत मुक्काम करता येतो का? पाणी मिळतं का?

करता येतो, मर्यादित माणसांचा. वीस-पंचवीसजण आत दाटीवाटीने झोपले आणि त्यातला एक रात्री अंधारात लघवीला बाहेर गेला, ही कल्पनाच आम्हाला नको वाटते. गुहेबाहेरची जागा अरुंद आहे. रात्रीही हार्नेस आणि स्लिंग घालूनच बाहेर पडा.

टाक्यांत हिवाळ्यात पाणी असतं. गाळून, उकळून प्या. त्यात हात-पाय किंवा ताट धुऊ नका. तरी खालून निघताना माणशी चार लिटर घ्याच, कारण धारेवर थांबून थांबून दिवस जातो आणि तहान चालताना लागते त्याहून जास्त लागते.

१३. बरेच गट रात्रीच चढाई सुरू करतात. ते बरोबर आहे का?

पहाटेच्या अंधारात गावातून खिंडीपर्यंत चालत जाणं ठीक. दोर लावणं आणि नवख्यांना कातळावर चढवणं मात्र उजेडात. रात्री बोल्ट तपासता येत नाही, वरून येणारा दगड दिसत नाही, घाबरलेल्या माणसाचा चेहराही दिसत नाही. गर्दी टाळण्यासाठी रात्री चढायचं असेल तर त्यापेक्षा मधल्या वारी जा (प्रश्न १४).

१४. शनिवार-रविवारी किती गर्दी असते? गर्दीत काय करावं?

जानेवारीतल्या जोडसुट्टीला खिंडीत रांग लागते. एकाच टप्प्यावर दोन-तीन गटांचे दोर एकमेकांवर पडतात, चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. अशा दिवशी आधी दोन्ही गटांच्या म्होरक्यांनी बोलून ठरवावं की आता फक्त चढणं, मग फक्त उतरणं. एका वेळी दोन गाठींच्या मधल्या दोरावर एकच माणूस, हा नियम गर्दीतही मोडायचा नाही. दुपारी बारापर्यंत गट गुहेच्या वर निघाला नसेल तर माथा सोडा आणि गुहेतूनच मागे फिरा. वेळ आधी ठरवून ठेवली की वाद होत नाहीत.

१५. मधमाश्यांचा धोका खरंच आहे का?

आहे, आणि कोकणातल्या कड्यांवर आम्ही दरीपेक्षा आग्या मोहोळाला जास्त भितो. पावसाळा संपला की कातळाच्या छज्जाखाली त्यांची मोठी पोळी लागतात. कर्नाळ्याच्या सुळक्यावर ती खालूनही दिसतात. अत्तर, सुगंधी तेल, धूर, सिगारेट, ड्रोन, आरडाओरडा यातलं काहीही नको. निघण्याआधी गावात विचारा, यंदा पोळी कुठे लागली आहेत ते गुराख्यांना ठाऊक असतं.

हल्ला झालाच तर मारायला जाऊ नका. एक माशी चावली की त्या वासावर बाकीच्या येतात. तोंड आणि मान झाका, जिथे आहात तिथे स्लिंग अडकलेली आहे ना हे आधी बघा, आणि मग जवळच्या सुरक्षित जागेकडे सरका. घाबरून स्लिंग सोडून पळणाऱ्याचा जीव माश्यांनी जात नाही, दरीने जातो. काटे नखाने खरवडून लवकर काढा. ओठ-घसा सुजला, श्वास लागला किंवा खूप डंख बसले तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या. जास्त विषाचा परिणाम मूत्रपिंडावर नंतर दिसतो.

१६. उतरताना रॅपलिंगमध्ये सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

अपघात उतरतानाच जास्त होतात, कारण माथा झालेला असतो, उन्हं कललेली असतात आणि सगळ्यांना घरी जायची घाई असते.

दोराच्या शेवटाला गाठ मारलेली नसणं ही पहिली चूक. दोर जमिनीपर्यंत पोचलाय असं वरून वाटतं आणि तो दहा फूट वरच संपलेला असतो. दुसरी, डिसेंडरखाली प्रुसिक न लावणं. हात सुटला तर प्रुसिक तुम्हाला थांबवतो, नाहीतर थांबवणारं कोणी नाही. तिसरी, केस, ओढणी, टीशर्टचं टोक, कॅमेऱ्याचा पट्टा डिसेंडरमध्ये ओढला जाणं. केस बांधून हेल्मेटच्या आत, कपडे खोचून. चौथी, अँकरवरची स्लिंग आधी काढणं. डिसेंडरवर पुरा भार देऊन, एक हात खालच्या दोरावर ठेवून, जोडीदाराने नजरेने तपासलं की मगच स्लिंग काढायची. खाली पोचलात की ‘दोर मोकळा’ असं ओरडून सांगा आणि दोराखालून बाजूला व्हा.

१७. मधेच कोणाचे हातपाय गळाले, रडू फुटलं तर?

ओरडू नका आणि चेष्टा तर मुळीच नको. जवळच्या बोल्टला दोन्ही स्लिंग लावा, बसता येईल तसं बसवा, पाणी-गूळ द्या. दहा मिनिटांत बहुतेकांना बरं वाटतं. तरी वर जायची इच्छा नसेल तर तिथूनच उतरवा. त्यासाठी एक जाणता माणूस राखीव असावा लागतो, म्हणून गटात दर चार-पाच नवख्यांमागे एक अनुभवी हवा.

बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकलेला माणूस ही वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे. पाय लोंबकळत राहिले की रक्त खालीच साठतं, काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. त्याला लगेच खाली घ्या किंवा वर ओढून घ्या, आडवं झोपवा, श्वास बघा. शुद्धीत असलेला पण अडकून पडलेला माणूस असेल तर स्लिंगची पायरी करून त्यात पाय रोवून उभं राहायला आणि पाय हलवत राहायला सांगा.

१८. अपघात झाला तर मदत कुठून येते?

११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. खोऱ्यात नेटवर्क तुटक आहे, धारेवर आणि रायलिंग पठारावर बरं मिळतं. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने राज्यातल्या बचाव गटांचं समन्वय केंद्र चालतं. त्यांचा मदत क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये साठवा आणि घरच्यांकडेही देऊन ठेवा. पण बचावाचे स्वयंसेवक आपापल्या गावांतून येतात, तुमच्यापर्यंत पोचायला काही तास लागतात. तोवरची सगळी मदत तुम्हीच आहात. पाणे आणि मोहरीतल्या लोकांना आधी कळवा, वाट त्यांच्याइतकी कोणाला माहीत नाही.

१९. साप?

फुरसं दगडाखाली आणि गवतात असतं. बघितल्याशिवाय हात घालू नका. चावलं तर अवयव न हलवता लगेच सरकारी रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर आपल्याकडची प्रतिविषाची लस चालते. हिरव्या बांबू चापड्यावर ती चालत नाही, पण त्यालाही डॉक्टरांची देखरेख लागतेच. चिरा मारणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका.

२०. मुलांना नेता येईल का? वयाची, वजनाची अट?

सीट हार्नेस ज्याच्या कमरेवर घट्ट बसत नाही त्याला नेऊ नका. लहान मुलांची कंबर बारीक असते, उलटं पडल्यावर ती हार्नेसमधून निसटू शकतात. चौदा-पंधराच्या आतल्यांना लिंगाण्यावर नेणं आम्हाला मान्य नाही, सह्याद्रीत त्यांच्यासाठी जागा भरपूर आहेत. वजनाची अट साहित्यापेक्षा सोबत्यांवर अवलंबून असते. शंभर किलोच्या माणसाला पन्नास किलोचा माणूस एकट्याने बिले देऊ शकत नाही. फिट येण्याचा त्रास, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर जाऊ नका. मधुमेह असणाऱ्यांनी म्होरक्याला आधी सांगावं आणि साखर खिशात ठेवावी, पाठीवरच्या सॅकमध्ये नको.

२१. सरावासाठी कोकणात सोप्या जागा कोणत्या?

पनवेलजवळचा कलावंतीण. ठाकूरवाडीतून प्रबळमाचीवर आणि पुढे खोदीव पायऱ्यांनी. दोराची गरज शेवटी माथ्याच्या कातळावर, पण दरीची नजर तयार होते. त्यानंतर कर्जत तालुक्यात सांडशीकडून ढाकची बहिरी. तिथे आडव्या वाटेवर आणि उभ्या टप्प्यावर दोर बांधलेले असतात, त्यांनाही प्रश्न ६ चा नियम लागू, आपला दोर सोबत न्या. गुहेत बहिरीचं ठाणं आहे आणि स्वयंपाकाची भांडी ठेवलेली असतात. वापरली तर घासून जागच्या जागी ठेवायची ही तिथली रीत आहे, ती पाळा. चंदेरी किल्ला त्याच्या पुढची पायरी.

इर्शाळगड आम्ही सध्या सुचवत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिथे सरावाच्या नावाने गर्दी करणं मनाला पटत नाही.

२२. परवानगी लागते का?

पावसाळ्यात धबधबे, किल्ले, कडे यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. जायच्या आठवड्यात ते तपासा. कर्नाळा हे १९६८ पासूनचं अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचे नियम आणि प्रवेश शुल्क लागू होतं.

पैसे घेऊन मोहीम नेणाऱ्यांसाठी राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते.

२३. आयोजक चांगला आहे हे कसं ओळखावं?

नोंदणीचं विचारा, पण तिथे थांबू नका. दोर किती जुना, उभ्या टप्प्यावर बिले देणार का, नवख्यांमागे अनुभवी किती, मागे फिरण्याची वेळ कोणती, हे चार प्रश्न फोनवर विचारा. जाणत्या माणसाला असे प्रश्न आवडतात आणि तो सविस्तर बोलतो. ‘काही होत नाही, आम्ही आहोत ना’ एवढंच उत्तर आलं तर पैसे भरू नका. चाळीसजणांची बस भरून लिंगाण्याला नेणारा गट असेल तर कितीही नावाजलेला असो, आम्ही जाणार नाही.

२४. गावात जेवण, वाटाड्या मिळतो का? काय द्यावं?

दोन दिवस आधी कळवलं तर मिळतं. भात, आमटी, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा. दर आधी ठरवा आणि ठरल्याप्रमाणे द्या, सकाळी निघताना घासाघीस नको. वाटाड्याला खिंडीच्या वर चढायचा आग्रह करू नका. तो वाट दाखवायला आलेला असतो. वर नेणारच असाल तर त्यालाही हार्नेस आणि हेल्मेट घाला.

२५. एखाद्या अवघड जागी आम्हीच नवीन बोल्ट मारला तर चालेल का?

हातात ड्रिल आहे म्हणून मारू नका. चुकीच्या थरात मारलेला बोल्ट पुढच्या माणसाला खोटा भरवसा देतो, आणि एकाशेजारी एक भोकं पडली की कातळही कमकुवत होतो. या सुळक्यांवर वर्षानुवर्षं चढाई करणाऱ्या संस्था आहेत, त्यांना जागा कळवा. खोदीव पायऱ्या, टाकी, गुहा यांच्या आसपास तर भोक पाडायचंच नाही.

२६. मागून दुसरा गट येतोय. त्यांच्यासाठी आमचा दोर ठेवून जावा का?

त्यांचा म्होरक्या तुमच्यासमोर उभा असेल, त्याने दोर आणि अँकर स्वतः तपासले असतील आणि दोर काढून आणायची जबाबदारी घेतली असेल तर ठेवा. ‘येतीलच मागून’ एवढ्यावर नाही. आणि दोर अडकला, ओढून निघत नाही, अंधार पडतोय, अशी वेळ आली तर माणसं खाली आणा, दोर राहू द्या. मात्र खाली आल्यावर गावात आणि ओळखीच्या सगळ्या गटांना कळवा की अमुक टप्प्यावर आमचा दोर राहिला आहे, त्याला हात लावू नका. आणि पुढच्या आठवड्यात जाऊन तो काढून आणा.